फोन तुमच्या हातात, पण रिमोट कोणाकडे? लांबून ॲप टाकण्या-काढण्याचं तंत्र समजून घ्या

समजा, सकाळचे आठ वाजलेत. पुण्यातला एक डिलिव्हरी पार्टनर गाडी काढण्याआधी खिशातला मोबाईल बाहेर काढतो. रोजचं ऑर्डरचं ॲप उघडायला जातो, तर ॲपच दिसत नाही. वॉलपेपर गेलाय, आयकॉन गेलेत. स्क्रीनवर एकच मेसेज आहे: हप्ता थकलाय, पैसे भरा, फोन सुरू होईल.

फोन पडला नाही, पाण्यात भिजला नाही, कुणी हातातून हिसकावलाही नाही. कुठल्यातरी लांबच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कुणीतरी एक क्लिक केलं आणि मोबाईल नेटवर्कवरून आलेल्या हुकमाने फोनने मान टाकली.

गंमत म्हणा किंवा वैताग म्हणा, पण ज्या फोनवर ऑर्डर घेऊन तो हप्त्याचे पैसे कमावणार होता, तोच फोन आता बंद आहे.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी त्यातलं तंत्र खरं आहे. भारतात कर्ज देणाऱ्या काही कंपन्यांनी ते वापरलंय. रॉयटर्सच्या बातमीनुसार २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कंपन्यांना फोन लॉक करणं थांबवायला सांगितलं. मग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली, की काही अटी घालून याला परवानगी द्यायचा विचार सुरू आहे. सोशल मीडियावर लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, ‘हप्ता भरायचा नाही तर फोन घ्यायचाच कशाला?’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘माझ्या फोनला बाहेरचा माणूस हात लावतोच कसा?’

त्यातला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. कारण तुम्ही एक रुपयाचंही कर्ज घेतलं नसलं, तरी तुमच्या फोनला लांबून हुकूम सोडू शकणारे लोक आहेत. ते कोण आहेत, हुकूम पोहोचतो कसा आणि तुम्ही त्याला ‘हो’ कधी म्हणालात, हे एकेक करून बघूया.

हुकूम फोनपर्यंत पोहोचतो कसा?

लांबून एखाद्या फोनवर ॲप टाकायचं, काढायचं किंवा बंद करायचं, तर तीन गोष्टी लागतात. फोनपर्यंतचा रस्ता, फोनच्या आत हुकूम पाळणारा कुणीतरी, आणि त्याला हुकूम द्यायचा अधिकार. या अधिकाराला आपण सोयीसाठी चावी म्हणू.

आधी रस्ता. मोबाईल डेटावर असलेल्या फोनला इंटरनेटवरून कुणीही थेट गाठू शकत नाही. बहुतेक वेळा कंपनीच्या एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक असतात, आणि तुम्ही प्रवासात असाल तर टॉवरही बदलत राहतात. मग उलटा मार्ग काढला गेला. फोन स्वतःच गूगलच्या किंवा ॲपलच्या सर्व्हरशी एक लाइन जोडतो आणि ती उघडी ठेवतो. प्रत्येक ॲपने आपली वेगळी लाइन ठेवली तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकायची नाही. म्हणून सगळ्या ॲप्ससाठी मिळून ही एकच लाइन असते. अँड्रॉइडमध्ये या सेवेला फायरबेस क्लाउड मेसेजिंग म्हणतात, आयफोनमध्ये ॲपल पुश नोटिफिकेशन सर्व्हिस.

जुन्या लोकांना पी.पी. नंबर आठवत असेल. अख्ख्या चाळीत एखाद्याच घरी फोन असायचा. तुमच्यासाठी फोन आला की शेजारचे काका गॅलरीतून हाक मारायचे, आणि तुम्ही धावत जाऊन रिसीव्हर उचलायचात. काकांचं काम फक्त हाक मारायचं. काय बोलणं झालं, ते त्यांना माहीत असायची गरज नव्हती.

पुश सेवा असंच काम करते. कंपन्या फोन सांभाळण्यासाठी जी यंत्रणा वापरतात, तिच्यात ॲपलची पुश सेवा फोनला फक्त जागं करते: ‘तुझ्यासाठी काहीतरी आलंय, सर्व्हरकडे जाऊन बघ.’ मग फोन स्वतः त्या कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क करतो, हुकूम विचारतो, पाळतो आणि झालं म्हणून कळवतो.

फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर? हाक वाया जात नाही. गूगलच्या सेवेत वेगळं काही सांगितलं नसेल तर निरोप चार आठवड्यांपर्यंत राखून ठेवला जातो. म्हणूनच चोरीला गेलेल्या फोनला ‘सगळा डेटा पुसून टाक’ असा हुकूम दिला आणि चोराने फोन बंद ठेवला असला, तरी तो ऑनलाइन आला की हुकूम लागू होऊ शकतो.

प्रश्न चावीचा आहे

रस्ता तर सगळ्यांनाच मिळतो. व्हॉट्सॲपचा मेसेज, क्रिकेटचा स्कोअर, बँकेचं नोटिफिकेशन, सगळं याच लाइनवरून येतं. पण क्रिकेटचं ॲप तुमच्या फोनवरून दुसरं ॲप उडवू शकत नाही, कारण त्याच्याकडे तो अधिकार नाही.

साधं ॲप आपल्या चौकटीत राहतं. दुसरं ॲप गुपचूप टाकणं, काढणं, लपवणं, आयकॉन करडा करून बंद पाडणं, स्क्रीन लॉक करणं, फोन पूर्ण पुसणं ही कामं फक्त खास अधिकार मिळालेलं ॲप करू शकतं. अँड्रॉइडमध्ये यातला सगळ्यात वरचा अधिकार ‘डिव्हाइस ओनर’चा. नावातच सगळं आलं. फोनचे पैसे कोणीही भरलेले असोत, सिस्टिमच्या हिशेबात मालक तो.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. हा अधिकार चालत्या फोनवर सहजासहजी मिळत नाही. तो फोन कोरा असताना, म्हणजे पहिल्यांदा चालू करताना किंवा फॅक्टरी रीसेट केल्यानंतर द्यावा लागतो. बऱ्याचदा वेलकम स्क्रीनवर सहा वेळा टॅप करून क्यूआर कोड स्कॅन केला की काम होतं. त्यामुळे नवा फोन दुकानदाराने सेटअप करून हातात दिला, तर त्याने मध्ये काय स्कॅन केलं, हे विचारायला लाजू नका.

बॅटरी उतरली म्हणून बिंग फुटलं

लांबून फोन हाताळणं ही काही स्मार्टफोनच्या जमान्यातली नवलाई नाही. की-पॅडचे फोन होते तेव्हा जीपीआरएस सुरू करायला मोबाईल कंपनी एसएमएसवर ‘सेटिंग्ज’ पाठवायची. आपण ‘सेव्ह’ किंवा ‘इन्स्टॉल’ दाबायचो आणि इंटरनेट सुरू व्हायचं. कंपनीने पाठवलंय म्हणजे चांगलंच असणार, ही सवय तेव्हापासूनची.

या सवयीचा गैरफायदा कसा होतो, हे जुलै २००९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत दिसलं. तिथल्या एतिसलात या मोबाईल कंपनीच्या ब्लॅकबेरी ग्राहकांना एक मेसेज आला. नेटवर्क चांगलं चालण्यासाठी हा अपडेट टाकून घ्या, असा त्याचा सूर. अनेकांनी टाकला. थोड्याच वेळात फोन गरम व्हायला लागले, बॅटरी भराभर उतरायला लागली.

तज्ज्ञांनी अपडेट उकलून पाहिला, तेव्हा ते पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर निघालं. लांबून हुकूम आला की फोनवरचे ईमेल परस्पर दुसरीकडे पाठवायची सोय त्यात होती. बॅटरी उतरण्याचं कारण तर अगदी साधं होतं. एवढे सगळे फोन एकाच वेळी नोंदणीसाठी एका सर्व्हरला गाठायला धावले, सर्व्हर कोलमडला आणि फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. सर्व्हर तगडा असता तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

एतिसलातने हा नेटवर्क सुधारण्यासाठीचा अपडेट असल्याचं सांगितलं. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिम कंपनीने मात्र हा अपडेट आपला नाही असं जाहीर केलं आणि ते काढून टाकायचं साधन ग्राहकांना दिलं.

इथे रस्ता मोबाईल कंपनीचा होता आणि चावी ग्राहकांनीच फिरवली, पण कशासाठी फिरवतोय हे त्यांना खरं सांगितलं नव्हतं.

गूगल आणि ॲपलचा रिमोट

सगळ्यात मोठी चावी फोनची सिस्टिम बनवणाऱ्यांकडे असते. आयफोनवरचं एखादं घातक ॲप लांबून बंद पाडायची सोय आपण ठेवली आहे, हे स्टीव्ह जॉब्स यांनी २००८ मध्येच मान्य केलं होतं. ती वापरायची वेळ येऊ नये, पण नसेल तर तो बेजबाबदारपणा ठरेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

गूगलने तर ही चावी फिरवूनही दाखवली. जून २०१० मध्ये एका सुरक्षा संशोधकाने बनवलेली दोन ॲप्स गूगलने लोकांच्या अँड्रॉइड फोनवरून लांबूनच काढून टाकली. मार्च २०११ मध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ नावाचं मालवेअर अँड्रॉइड मार्केटमधल्या पन्नासहून जास्त ॲप्समध्ये सापडलं. तेव्हा गूगलने ती ॲप्स स्टोअरमधून हटवली, ज्यांच्या फोनवर गेली होती तिथून काढली, वर सुरक्षेचं एक छोटं टूल आपणहून पाठवलं आणि लोकांना ईमेल करून कळवलं. लाखो लोकांना एकेक करून ‘हे ॲप काढा’ सांगत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग भारतात टिकटॉकवर बंदी आली तेव्हा काय झालं होतं? २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. दोन गोष्टी घडल्या. ॲप स्टोअरमधून गेलं आणि त्याचं इंटरनेट बंद झालं. पण तिसरी गोष्ट घडली नाही. तुमच्या फोनवरून ॲप कुणी काढलं नाही. आयकॉन तसाच होता, फक्त व्हिडिओ येत नव्हते. स्टोअरमधून काढणं, नेटवर्कवर अडवणं आणि फोनमध्ये शिरून काढणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि ‘ॲपवर बंदी’ म्हणजे दरवेळी तिसरी पायरी नव्हे.

उलट्या बाजूचा किस्सा ऑगस्ट २०१८ चा. हजारो लोकांना आपल्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये अचानक आधारचा जुना हेल्पलाइन नंबर दिसला. ‘सरकार फोनमध्ये घुसलं’ म्हणून स्क्रीनशॉटचा पाऊस पडला. नंतर गूगलने खुलासा केला. भारतासाठीच्या अँड्रॉइडच्या सेटअपमध्ये २०१४ मध्येच हा नंबर आणि ११२ हा नंबर चुकून टाकला गेला होता. जुन्या फोनच्या कॉन्टॅक्टबरोबर तो नव्या फोनवरही येत राहिला. म्हणजे त्या दिवशी लांबून कुणी काही पाठवलं नव्हतं. पण लोक घाबरले ते उगाच नाही. आपल्या फोनमध्ये आपण न ठेवलेली वस्तू सापडली, की ती कधी आली यापेक्षा न विचारता आली हेच जास्त टोचतं.

हाच मुद्दा २०२५ च्या अखेरीस पुन्हा पेटला. २८ नोव्हेंबरच्या आदेशात दूरसंचार विभागाने मोबाईल कंपन्यांना सांगितलं, की नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच टाकलेलं हवं, आणि तयार होऊन विक्रीसाठी बाहेर पडलेल्या फोनमध्ये ते सॉफ्टवेअर अपडेटने पाठवावं. ॲपचा हेतू चोरीचे फोन आणि फसवणूक रोखण्याचा होता. तरीही इतका विरोध झाला की ३ डिसेंबरला सरकारने ही सक्ती मागे घेतली. तेच ॲप स्वतःहून डाउनलोड करणारे आधीही होते आणि नंतरही होते. वाद ‘टाकायचं की नाही’ हे कोण ठरवणार, याचा होता.

ऑफिसचा फोन, ऑफिसचा हुकूम

नोकरदारांना भेटणारा रिमोट म्हणजे एमडीएम, मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट. कुरिअरवाला ज्यावर तुमची सही घेतो ते डिव्हाइस, दुकानातलं कार्ड स्वाइप करायचं अँड्रॉइड मशीन, कंपनीने दिलेला फोन, हे असेच सांभाळले जातात. हजार लोक हजार गावांत असतील तर प्रत्येकाला हेड ऑफिसला बोलावून ॲप अपडेट करून देणं शक्य नाही. एका स्क्रीनवरून हजार फोनवर नवं व्हर्जन टाकता येतं, नको ती ॲप्स बंद ठेवता येतात, फोन हरवला तर पुसता येतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. फोन कंपनीचा असेल आणि पूर्णपणे तिच्या ताब्यात असेल, तर कंपनी त्यावर कोणतंही ॲप टाकू शकते, कॅमेरा किंवा स्क्रीनशॉट बंद करू शकते आणि अख्खा फोन पुसू शकते. अशा फोनवर घरचे फोटो ठेवू नका.

फोन तुमचा आणि काम ऑफिसचं असेल, तर अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ हा मार्ग आहे. ही सोय २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहे. एकाच घरात भिंत घालून दोन खोल्या कराव्यात तसं. ऑफिसच्या ॲप्सवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. ऑफिसला त्या खोलीतलं दिसतं, तुमच्या खोलीतले फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. नोकरी सोडलीत तर ऑफिसची खोली रिकामी होते, तुमची तशीच राहते. आयफोनमध्ये अशी वेगळी सोय २०१९ पासून मिळते. एचआरने ‘हे ॲप टाका’ म्हटलं, तर अख्खा फोन ताब्यात जातोय की फक्त वर्क प्रोफाइल तयार होतंय, एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पण फोन सरकारने किंवा कंपनीने दिला म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांचं उदाहरण बघा. पोषणाच्या नोंदी ठेवण्यासाठी त्यांना सरकारने मोबाईल दिले होते. २०२१ मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आलं. ॲप दिल्लीतून ठरलं, पण चालवायचं होतं गावातल्या सेविकेच्या हातातल्या जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर. फोन सतत बिघडतात, ॲप नीट चालत नाही, माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा तक्रारी होत्या. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी फोन परत करायचं आंदोलन केलं.

वर बसून ॲप बदलायला वेळ लागत नाही. ते खालच्या फोनवर, खालच्या रेंजमध्ये, खालच्या माणसाच्या भाषेत चालतंय का, हे पाहायला मात्र कुणीतरी गावात जावं लागतं.

हप्ता थकला की फोन लॉक

आता सुरुवातीच्या डिलिव्हरी पार्टनरकडे परत येऊ. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये लॉकचं ॲप टाकायचं तंत्र एमडीएमचंच भावंड आहे. हप्ता चुकला की सर्व्हर हुकूम सोडतो, ॲप फोन अडवतं. सिम काढून डेटा बंद ठेवला तर सुटका होईल, असं काहींना वाटतं. पण ठरावीक काळ सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर आपोआप लॉक व्हायचं, असं आधीच सांगून ठेवता येतं. फॅक्टरी रीसेटचा पर्यायही बंद करता येतो.

कर्ज देणाऱ्यांची बाजू अशी, की फोनसाठीचं कर्ज छोटं असतं आणि गहाण काहीच नसतं. वसुलीची काहीच सोय नसेल, तर ज्याच्याकडे सॅलरी स्लिप नाही, क्रेडिट स्कोअर नाही, त्याला कर्ज देणार कोण? वसुलीसाठी दारात माणसं पाठवण्यापेक्षा हा मार्ग बरा, असंही सांगितलं जातं.

दुसरी बाजू अशी, की फोन म्हणजे टीव्ही नव्हे. टीव्ही बंद पडला तर मालिका चुकते. फोन बंद पडला तर यूपीआय बंद, ओटीपी बंद, पोरांच्या शाळेचा ग्रुप बंद, आणि रिक्षा-कॅब-डिलिव्हरीवाल्याची त्या दिवसाची कमाई बंद. दोन हजारांच्या हप्त्यासाठी रोजगारच थांबवला, तर हप्ता भरणार कशातून?

रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाबद्दल सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आणले. कर्जाच्या ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशनसुद्धा फक्त सुरुवातीच्या कामापुरतं आणि तुमच्या परवानगीने, एकदाच. पण हे नियम फोनमध्ये डोकावण्याबद्दलचे आहेत. फोनच बंद करण्याबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दोन्ही बाजूंचे मुद्दे तपासले जात आहेत.

नियम काहीही झाला तरी हप्त्याचा फोन घेताना काही गोष्टी दुकानातच विचारून घ्या. फोनमध्ये लॉकचं ॲप आहे का? किती दिवस हप्ता थकल्यावर लॉक होतो, आणि आधी सूचना मिळते का? लॉक असताना ११२ ला आणि घरच्यांना फोन लावता येतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचा हप्ता भरल्यावर हे ॲप कोण काढणार, किती दिवसांत? उत्तरं तोंडी नकोत, करारात दाखवा म्हणा.

चोराचा रिमोट

आतापर्यंत आपण पाहिलेल्या सगळ्यांकडे निदान कागदोपत्री काहीतरी कारण होतं. चोराकडे तेही नसतं. म्हणून तो चावी तुमच्याकडूनच मागून घेतो.

व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, आरटीओचं चलन येतं, बँकेची केवायसी येते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. एपीके म्हणजे ॲप बसवायची फाइल. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, ती कधीच एपीके नसते. फाइल उघडली की ॲप आधी ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ करायची आणि मग एसएमएस वाचायची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. ॲक्सेसिबिलिटी ही मुळात नीट न दिसणाऱ्या किंवा बोटं नीट न चालणाऱ्या लोकांसाठीची सोय. ती मिळालेलं ॲप स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. मग ओटीपी कुणी विचारायची गरजच उरत नाही.

दुसरा प्रकार स्क्रीन शेअरिंगचा. ‘रिफंड देतो, हे ॲप टाका आणि नंबर सांगा’ असा फोन येतो. एनीडेस्कसारखी ॲप्स मूळची चांगल्या कामासाठीच आहेत, पण फसवणुकीसाठी त्यांचा वापर होतोय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता.

असं काही घडलं तर आधी डेटा आणि वाय-फाय बंद करा. रस्ताच तोडला की हुकूम पोहोचत नाही. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

पाच मिनिटांत तुमचा फोन तपासा

फोनच्या मॉडेलप्रमाणे नावं थोडी बदलतील, पण सेटिंग्जमध्ये वर सर्चची सोय असते, तिथे शोधा.

१. डिव्हाइस ॲडमिन ॲप्स: इथे दिसणाऱ्या ॲप्सकडे खास अधिकार आहेत. फाइंड हब, म्हणजे आधीचं फाइंड माय डिव्हाइस, किंवा ऑफिसचं ॲप असेल तर ठीक. अनोळखी नाव दिसलं तर अधिकार काढा आणि मग ॲप काढा.

२. ॲक्सेसिबिलिटी: ‘डाउनलोड केलेली ॲप्स’ या यादीत तुम्ही चालू न केलेलं काही चालू आहे का बघा.

३. अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी: व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर यांच्यासाठी ती बंद ठेवा.

४. फोन संस्थेच्या ताब्यात आहे का: अँड्रॉइडच्या लॉक स्क्रीनवर ‘हे डिव्हाइस तुमच्या संस्थेचं आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, मग व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथे बघा.

५. फाइंड हब किंवा फाइंड माय चालू आहे ना: हा तुमच्या हक्काचा रिमोट. फोन चोरीला गेल्यावर तो चालू करता येत नाही, आधीच चालू असावा लागतो.

सेकंड हँड फोन घेत असाल तर आणखी एक. विकणाऱ्याच्या समोरच फोन फॅक्टरी रीसेट करा आणि इंटरनेट जोडून सेटअप पूर्ण करा. काही फोन थेट कंपनीच्या नावावर नोंदवलेले असतात. ते रीसेट केले तरी इंटरनेट मिळताच पुन्हा त्या कंपनीच्या ताब्यात जातात. स्क्रीनवर एखाद्या संस्थेचं नाव आलं किंवा जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला, तर पैसे देऊ नका. *#०६# डायल करून आयएमईआय नंबर मिळवा, केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक स्पेस आणि तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळेल.

मग रिमोट असावा की नसावा?

हा रिमोट पूर्ण काढून टाकता येणार नाही आणि काढूही नये. चोरीचा फोन पुसणं, मालवेअर एका रात्रीत लाखो फोनवरून हटवणं, गावोगावच्या डिव्हाइसवर एकाच दिवशी अपडेट पोहोचवणं, हे सगळं त्याच्याच जोरावर चालतं.

पण फोनवर हक्क सांगणारं कुणीही समोर आलं, मग ते ऑफिस असो, फायनान्स कंपनी असो, सरकार असो की फोन बनवणारी कंपनी, त्याला तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत. चावी कुणाकडे आहे? मी ती दिली तेव्हा मला कळेल अशा भाषेत विचारलं होतं का? आणि काम संपल्यावर ती परत कशी मिळणार?

आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचं उत्तर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याचं इंग्रजीत. तिसऱ्याचं उत्तर तर अनेकदा नसतंच. त्या डिलिव्हरी पार्टनरने दुकानात सही करताना हे तीन प्रश्न विचारले असते, तर कदाचित कर्ज तेच राहिलं असतं. पण फोन कधी बंद पडू शकतो आणि त्याआधी कुणाला फोन करायचा, हे तरी त्याला माहीत असतं.